क्वीनीची आई

'वदरिंग हाइट्स' हा बोलपट मी प्रथम पाहिला तो एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. एका शाळेच्या सभागृहात, कुरकुरणाऱ्या लाकडी खुर्चीवर बसून. पडद्यावर यॉर्कशायरच्या ओसाड माळावर वारा घोंघावत होता, वादळात उभा राहून हीथक्लिफ कॅथीला हाका मारीत होता आणि आम्ही सारे श्वास रोखून बसलो होतो. एवढ्यात शेजारचे एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे वाकले. सारी हयात त्यांनी रेल्वेच्या नोकरीत घालविलेली. हळूच म्हणाले, "ही बाई आपल्या मुंबईची बरं का!"

"काहीतरीच काय काका! ही इंग्लिश नटी. मर्ल ओबेरॉन."

"तेच म्हणतोय मी. मुंबईची," एवढे बोलून ते पुन्हा पडद्याकडे पाहू लागले.

मला वाटले, रेल्वेतल्या माणसांना जगातले यच्चयावत लोक कुठल्या ना कुठल्या जंक्शनवर भेटलेले असतात, त्यातलाच हा प्रकार. पण पुढे या बाईविषयी जे जे हाती लागले ते वाचीत गेलो तेव्हा काकांची मनातल्या मनात माफी मागावी लागली. काका खरे होते. त्यांच्याही बापाच्या पिढीत कुणीतरी रेल्वेतलाच हे त्यांना सांगून गेला असेल, कारण या कथेचा आरंभही रेल्वेतच आहे.

१९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत एक मुलगी जन्मली. तिचे नाव एस्टेल मर्ल थॉम्पसन. वडील आर्थर थॉम्पसन हे इंग्लंडातल्या डार्लिंग्टनचे, इकडे रेल्वेत यांत्रिकी कामावर आलेले. ती जिला आई म्हणे ती शार्लट सेल्बी सिंहलची. तिच्या रक्तात सिंहली अंश होता, माओरीही होता. अशा घराला त्या काळी 'युरेशियन' म्हणत. पुढे 'अँग्लो-इंडियन' हा शब्द रूढ झाला. साहेबाच्या क्लबात त्यांना जागा नाही नि आपल्या ओसरीवरही नाही, अशी या समाजाची स्थिती. तारखाते, टेलिफोन, रेल्वे आणि इस्पितळे यांतून ही माणसे राबत, आणि कधीही न पाहिलेल्या इंग्लंडला 'होम' म्हणत. त्यांच्या या 'होम'ला आपले लोक हसत असत. हसण्याइतके ते हलके नव्हते, हे मला ही कथा वाचताना कळले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात बादशहा पंचम जॉर्ज व राणी मेरी अपोलो बंदरावर उतरली. त्या स्वारीची आठवण म्हणून पुढे गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले, आणि त्याच राणीवरून आमच्या या मुलीचे घरगुती नाव पडले 'क्वीनी'. एवढे मोठे पाषाणी स्मारक एकीकडे नि हे दोन अक्षरी दुसरीकडे! वडील पहिल्या महायुद्धात लष्करात गेले आणि न्यूमोनियाने वारले. १९१७ साली शार्लट मुलीला घेऊन कलकत्त्यास गेली. ती परिचारिकेचे काम करी.

कलकत्त्यास ला मार्टिनियर या नावाजलेल्या शाळेत क्वीनीला शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. पण तिथल्या मुलींनी तिच्या मिश्र रक्तावरून तिला इतके छळले की तिने शाळाच सोडली. पुढचे शिक्षण घरी झाले. मग हौशी नाटके, नाचाच्या मेजवान्या आणि पोटासाठी टेलिफोनच्या कचेरीत नोकरी.

इथे मला थोडे आडवळणास जाऊ द्या. याच सुमारास मुंबईत आणखी एक तरुणी टेलिफोनवर 'नंबर प्लीज' करीत बसली होती. तिचे नाव रूबी मायर्स. १९०७ साली पुण्यात जन्मलेली, ज्यू घराण्यातली. मूकपटवाल्यांनी तिला गाठले, आणि रूबी मायर्सची 'सुलोचना' झाली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने जिच्यासाठी तिकिटांच्या खिडकीवर झुंबड केली तीच ही सुलोचना. १९७३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. त्या काळी कुलीन घरच्या मुली पडद्यावर जाण्यास धजत नसत, म्हणून ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुली पुढे आल्या आणि सीता-सावित्रीची नावे धारण करून त्यांनी हिंदुस्थानी प्रेक्षक जिंकला. दोन टेलिफोन ऑपरेटर मुली. एकीने परके नाव टाकून देशी नाव घेतले. दुसरीने देशच टाकला. पण सुलोचना मूळची रूबी मायर्स आहे हे साऱ्यांना ठाऊक होते, आणि ठाऊक असून लोक तिच्यावर लुब्ध होते. मुखवटा असावा तर असा. क्वीनीच्या नशिबी आला तो मुखवटा निराळा. तो गळून पडला तर सारेच गेले, या जातीचा.

कलकत्त्यातच तिला त्याचा पहिला चटका बसला. एक अमेरिकन गृहस्थ तिच्या प्रेमात पडला होता. तिचे चरित्रकार सांगतात की एके दिवशी तो घरी आला, त्याने सावळ्या शार्लटला पाहिले, आणि त्याच्या प्रेमाला तिथेच ओहोटी लागली. मात्र जाता जाता त्याने फ्रान्समधल्या नीस शहरी रेक्स इंग्रम या दिग्दर्शकाकडे ओळख करून देण्याचे कबूल केले. अठरा वर्षांच्या त्या पोरीने हे वचन गाठीशी बांधले आणि १९२९ साली शार्लटला सोबत घेऊन ती आगबोटीत बसली. प्रेम गेले ते आईच्या रंगामुळे, हे कळूनही तिने आईला मागे ठेवले नाही. या गोष्टीचे पुढे जे झाले त्याआधी वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

नीसहून ती लंडनला पोचली. तिथे 'काफे द पारी' या विलासी भोजनगृहात पाहुण्यांची सरबराई करण्याचे काम, आणि चित्रपटांतून गर्दीतल्या फुटकळ भूमिका. तिथेच ती अलेक्झांडर कॉर्डाच्या दृष्टीस पडली. कॉर्डा तरी कोण? हंगेरीतला सांडोर केलनर. नाव बदलून, देश बदलून लंडनमध्ये इंग्रजांना इंग्लंडचाच इतिहास दाखविणारा हा जादूगार. स्वतःला नवे घडविणे म्हणजे काय हे त्याला शिकवावे लागत नव्हते. त्याने १९३३ साली 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' काढला. चार्ल्स लॉटन त्यात राजा होता आणि या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळाले. मर्ल होती राणी अ‍ॅन बोलिन. चित्रपटाच्या आरंभीच तिचा शिरच्छेद होतो. भूमिका म्हणाल तर काही मिनिटांची. पण आरशात पाहून, मान सावरून वधस्तंभाकडे निघालेली ती राणी लोकांच्या डोळ्यांपुढून हलेना.

आता प्रश्न आला, ही सुंदरी कुठली? वर्तमानपत्रांना जन्मगाव हवे असते. कॉर्डाच्या प्रसिद्धिखात्याने उत्तर शोधून काढले: टास्मानिया! ऑस्ट्रेलियाच्याही दक्षिणेचे ते बेट. लंडन-न्यूयॉर्कहून कोण उठून तिथे चौकशीस जाणार? तिथे गोऱ्या इंग्रज घरात जन्म, वडील लष्करी अधिकारी, त्यांच्या निधनानंतर हिंदुस्थानात नातलगांकडे थोडे दिवस मुक्काम. 'क्वीनी थॉम्पसन' संपली आणि 'मर्ल ओबेरॉन' टास्मानियात जन्मली, तीही बावीस वर्षांची होऊन!

हे एवढे खोटे कशासाठी, असे आज वाटेल. पण नुसत्या प्रतिष्ठेचा हा प्रश्न नव्हता. हॉलिवुडच्या निर्मात्यांनी १९३० साली जी आचारसंहिता स्वीकारली आणि १९३४ पासून कडकपणे अंमलात आणली, तिच्यात गोऱ्या नि काळ्यांच्या प्रणयाला पडद्यावर मनाई होती. हॉलिवुडचे स्टुडिओ हा निषेध इतर वर्णांपर्यंतही ताणीत. त्यातच १९१७च्या अमेरिकन कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्यांसाठी दरवाजा लावून घेतला होता. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या शीख गृहस्थाला, तू गोरा नाहीस, सबब नागरिक होऊ शकत नाहीस, असा निवाडा दिला. तो दरवाजा किलकिला झाला तो १९४६ साली, वर्षाकाठी शंभर भारतीयांपुरता. तेव्हा 'मी मुंबईची क्वीनी' असे तिने एकदा म्हटले असते, तर नायिकेची भूमिका तर गेलीच असती, तिच्या अमेरिकेतल्या वास्तव्यावरही संकट आले असते. खोटे बोलण्याचे कारण असे कायद्याच्या पुस्तकात छापलेले होते.

आणि घरात शार्लट होती. तिचे काय करायचे?

लंडनच्या घरी पाहुणे येत तेव्हा एक सावळी वयस्क बाई चहा आणून ठेवी. मर्ल तिच्याशी हिंदुस्थानीत दोन शब्द बोले. ही आमची हिंदुस्थानातली आया, असे पाहुण्यांना सांगण्यात येई. पाहुण्यांना त्यात नवल वाटत नसे. साहेबाच्या घरी आया असायचीच. ट्रे ठेवून ती बाई आत निघून जाई.

मी या प्रसंगावर फार वेळ थांबलो आहे. मर्लला निष्ठुर म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि काही लेखकांनी ते केलेही आहे. पण मला दुसरेच दिसते. ती शार्लटला पैसे पाठवून कलकत्त्यात ठेवू शकली असती. तिथे तिला कोण विचारणार होते? गुपित राखायला तीच वाट अधिक बिनधोक होती. त्याऐवजी तिने तिला त्याच छपराखाली, पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर ठेवले. रोज पकडले जाण्याचा धोका पत्करला, पण आईला दूर केले नाही. अर्थात, हा माझा विचार. शार्लटला त्या ट्रेचे ओझे किती वाटले असेल, ते मोजण्याचे माप माझ्याकडे नाही. आपल्याकडेही मुलगा मोठा साहेब झाला की गावाकडची आई दिवाणखान्यात आलेली त्याला खपत नाही. ते पाहून आलेले वाचक या चित्रात स्वतःच रंग भरतील.

असो. १९३५ साली सॅम्युएल गोल्डविनच्या 'द डार्क एंजल'मध्ये तिने काम केले आणि त्यासाठी उत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करकरिता तिचे नाव निवडले गेले. पारितोषिक बेटी डेव्हिसला गेले. पण त्या यादीत आशियाई रक्ताची स्त्री प्रथमच आली होती, आणि ज्यांनी ती यादी केली त्यांना हे ठाऊकच नव्हते! २०२३ साली मलेशियाच्या मिशेल योह यांना हेच पारितोषिक मिळाले तेव्हा वृत्तपत्रांना मोठी कसरत करावी लागली. स्वतःला आशियाई म्हणविणारी पहिली अभिनेत्री, असे जपून लिहावे लागले. ती सारी जपणूक या आमच्या मुंबईच्या मुलीमुळे.

१९३७ हे वर्ष तिला वाईट गेले. 'आय, क्लॉडियस' या मोठ्या चित्रपटाचे काम चालू असता लंडनमध्ये तिला मोटारीचा अपघात झाला आणि तो चित्रपट अर्धवट राहिला तो कायमचाच. त्याच वर्षी शार्लट वारली.

मग आला १९३९चा 'वदरिंग हाइट्स'. दिग्दर्शक विल्यम वायलर, हीथक्लिफ लॉरेन्स ऑलिव्हिए. ऑलिव्हिएची इच्छा होती की कॅथीची भूमिका आपल्या प्रियेला, व्हिव्हियन लीला मिळावी. तिला देऊ केली दुय्यम भूमिका. तिने नाकारली, आणि पाठोपाठ अमेरिकेला जाऊन 'गॉन विथ द विंड'ची स्कार्लेट पटकाविली. पण गंमत पाहा! व्हिव्हियन ली १९१३ साली दार्जिलिंगला जन्मली. म्हणजे एका इंग्लिश भूमिकेसाठी ज्या दोघींची नावे पुढे होती त्या दोघीही हिंदुस्थानात जन्मलेल्या. एक ते उघड सांगू शकत होती, दुसरी नाही. एवढ्यावर ही गंमत संपत नाही. एमिली ब्राँटीच्या कादंबरीतला हीथक्लिफ हा सावळ्या वर्णाचा, ज्याच्या आईबापांचा पत्ता नाही असा रस्त्यावर सापडलेला पोर. ती भूमिका केली गोऱ्यापान ऑलिव्हिएने. आणि त्याच्या कुळाशी आपले कूळ कसे जुळणार, या विवंचनेत पडलेली गोरी कॅथी झाली ती सिंहली आजीची नात, छे, मुलगी म्हणू या, कारण अजून आपण तिचेच म्हणणे ऐकतो आहोत.

अभिनय म्हणाल तर ती पहिल्या पंक्तीतली, असे मी म्हणणार नाही. आवाजाला चढउतार बेताचे. राग आला तरी जपून येतो. पण वायलरसारखा कडवा दिग्दर्शक लाभला की या जपण्याचेच सोने होई. 'वदरिंग हाइट्स'मध्ये स्वयंपाकघरात नेलीशी बोलताना आपले मन कोणात गुंतले आहे हे कॅथीला एकाएकी उमगते, तो प्रसंग पाहा. आयुष्यभर जे बोलायचे नाही ते तोंडून निसटल्यावर माणूस जसा दचकेल तसा तिचा चेहरा होतो. हे तिला कुणी शिकविले असेल असे मला वाटत नाही.

चेहरा हेच तिचे भांडवल होते आणि चेहऱ्यानेच दगा दिला. १९४०च्या सुमारास सौंदर्यप्रसाधने आणि औषधे यांची बाधा होऊन तिच्या कातडीवर व्रण उठले. न्यूयॉर्कच्या तज्ज्ञांकडून कातडी खरवडून घेण्याचे वेदनामय उपचार झाले. गुण आला तो थोडाच. १९३९ मध्येच तिचे कॉर्डाशी लग्न झाले होते. १९४२ साली त्याला 'सर' हा किताब मिळाला आणि टेलिफोनवरची क्वीनी लेडी कॉर्डा झाली. ते लग्न १९४५ साली मोडले. दुसरा नवरा ल्युसियन बॅलर्ड हा छायाचित्रकार. 'द लॉजर' या १९४४च्या चित्रपटाच्या वेळी त्याने तिच्यासाठी एक लहानसा दिवा तयार केला. कॅमेऱ्याच्या भिंगालगत बसवायचा. प्रकाश थेट समोरून चेहऱ्यावर पडला की खळगे भरून निघतात, व्रण पुसले जातात, रंग उजळतो. दिव्याचे नाव तिच्यावरूनच पडले, 'ओबी'. कॅमेरावाल्यांच्या तोंडी तो शब्द अजून आहे. नवऱ्याने बायकोला दागिने केलेले पुष्कळ ऐकले. दिवा करून दिलेला हा एकच.

हे लग्नही १९४९ साली संपले. त्याच वर्षी मर्लने एक तैलचित्र करवून घेतले. शार्लटचा एक जुना फोटो तिच्याजवळ होता. तो चित्रकाराला देऊन तिने सांगितले, चेहरा हाच काढा, रंग मात्र उजळ करा. चित्रकाराने तसे केले. बारा वर्षांपूर्वी जी बाई ट्रे ठेवून आत निघून जात होती ती आता गोरी होऊन सोनेरी चौकटीत दिवाणखान्यात आली. आता कोणीही विचारावे, आणि अभिमानाने सांगावे, ही माझी आई. मर्लने घरे बदलली, देश बदलले, नवरे बदलले. तिसरा उद्योगपती, मेक्सिकोतला. चौथा तिच्याहून पुष्कळ लहान. ते चित्र मात्र अखेरपर्यंत तिच्या प्रत्येक घरात भिंतीवर होते.

पुढच्या चित्रपटांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. 'देझिरे'त १९५४ साली मार्लन ब्रँडोच्या नेपोलियनसमोर ती जोसेफीन झाली, ती पाहण्यासारखी आहे.

१९७८ साली टास्मानियाने आपल्या लेकीला माहेरी बोलाविले! होबार्टच्या महापौरांनी तिच्यासाठी स्वागतसमारंभ योजला होता. तिच्या नावाचे एक नाट्यगृहही तिथे होते. समारंभाच्या थोडे आधी महापौरांना कळले की ही इथे जन्मल्याचा कसलाही पुरावा नाही. पण पाने मांडली गेली होती, समारंभ झाला. ती आली, आणि आपण इथे जन्मलो नाही असे सांगून बसली! मग बरे वाटत नाही म्हणून उठून गेली. बाकीचे दिवस तिने हॉटेलातच काढले. ते नाट्यगृह पाहायलाही गेली नाही. पंचेचाळीस वर्षे जपलेले असत्य, नेमके जिथे ते कौतुकाने खरे मानायला सारा गाव जमला होता तिथेच तिच्या तोंडून वदेना. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी, कॅलिफोर्नियात मॅलिबू येथे ती गेली. वय अडुसष्ट.

१९८३ साली तिचे चरित्र निघाले आणि मुंबई-कलकत्त्याची हकीकत जगापुढे आली. तरी एक गोष्ट बाकी होती.

शार्लटला एक मुलगी होती, कॉन्स्टन्स. मर्ल तिला थोरली बहीण समजून वाढली. कॉन्स्टन्स पुढे लग्न करून मुंबईत राहिली, तिला मुले झाली. त्यांतल्या एका मुलाला नामवंत मावशीविषयी कुतूहल होते. त्याने मुंबईच्या सरकारी दप्तरातून मावशीच्या जन्माचा दाखला काढला. आईच्या नावापुढे शार्लट नव्हते. तिथे कॉन्स्टन्स होते, त्याच्या स्वतःच्या आईचे नाव. मर्ल जन्मली तेव्हा ती शाळेत जायच्या वयाची होती. लेकीची अब्रू झाकण्यासाठी शार्लटने नातीला आपली मुलगी म्हणून वाढविले होते. म्हणजे या घरातले पहिले सोंग कॉर्डाने रचलेले नव्हते. आजी आई झाली होती, आई बहीण झाली होती, आणि पुढे तीच आजी आया झाली.

तो मुलगा, आता भाचा नव्हे तर भाऊ, लॉस एंजल्सला तिच्या दारी गेला. तिने भेट नाकारली. पुढे चरित्रकाराने त्याला विचारले तेव्हा त्याने तो दाखला दाखविला नाही. तिच्या मृत्यूनंतर वीसएक वर्षे त्याने ते स्वतःपाशी ठेवले. मग एक ऑस्ट्रेलियन बाई तिच्यावर माहितीपट करीत होत्या त्यांना सांगितले. तो २००२ साली निघाला.